समुद्राला न दिसणारा किल्ला

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या पोर्ट टाऊनसेंडहून सुटलेली फेरीबोट ॲडमिरल्टी इनलेटच्या खाडीमुखात शिरते तेव्हा समोर व्हिडबी बेटाचा उंच कडा दिसतो. पिवळट मातीचा कडा, वर हिरवळ, मागे देवदार-फरची गर्द झाडी आणि एका बाजूला पांढरं, लाल छपराचं छोटं दीपगृह. बोट बेटाकडे सरकत राहते, कडा मोठा होत जातो, पण किल्ला काही दिसत नाही. बुरूज नाही, तट नाही, तोफेचं एखादं तोंडही नाही. माझी भाची सई डेकवर दुर्बीण लावून उभी होती. "मावशी, आपण नक्की बरोबर ठिकाणी चाललोय ना?" तिने विचारलं. मी नकाशा पुढे केला. फोर्ट केसी आमच्या अगदी समोर होता, त्या हिरवळीच्या आत. शत्रूच्या कप्तानालाही नेमकं हेच दिसावं, अशी बांधणाऱ्यांची इच्छा होती.

मी कोकणातले जलदुर्ग बघत वाढले. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, पद्मदुर्ग, जंजिरा. हे सगळे किल्ले दूरवरून दिसण्यासाठीच बांधलेले आहेत. येणाऱ्या गलबताला तटाची उंची आधी कळावी, बुरुजांवरच्या तोफा मोजता याव्यात आणि तिथेच त्याच्या मनात चलबिचल व्हावी, हा त्या बांधकामाचा अर्धा हेतू. दगड आणि चुना जहाजावरच्या तोफेशी टक्कर देऊ शकत होता तोवर ही रीत चालली. १७५६ मध्ये वॉटसनचं आरमार विजयदुर्गावर चालून आलं, तेव्हाही आंग्र्यांची जहाजं जळाली, पण तट उभाच राहिला. तो आजही उभा आहे. पुढे शंभर वर्षांत जहाजं वाफेवर चालू लागली, त्यांच्यावर लोखंडी चिलखतं चढली, तोफांच्या नळ्यांना आतून पीळ पाडलेले आटे आले, गोळा लांबट टोकदार झाला आणि दगडी भिंत हे उत्तर उरलं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ मध्ये, जॉर्जियातला फोर्ट पुलास्की हा विटांचा बलदंड किल्ला अशा आटेदार तोफांनी जेमतेम दीड दिवसात भगदाड पाडून शरण आणला. त्यानंतर जगभरच्या लष्करी अभियंत्यांपुढे एकच प्रश्न होता: किनाऱ्यावरची तोफ वाचवायची कशी?

त्या प्रश्नाची अनेक उत्तरं निघाली. कुणी तोफांना पोलादी ढाल लावली, कुणी फिरता मनोरा केला. मुंबई बंदरासाठी ब्रिटिशांनी १८७० च्या सुमारास 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' या दोन चिलखती मनोरेवाल्या नौकाच बांधून पाठवल्या, आणि त्या आपल्या सेवेची जवळजवळ सगळी वर्षं मुंबईच्या पाण्यातच राहिल्या. पण सर्वांत देखणं उत्तर एका स्कॉटिश माणसाने दिलं, आणि मी एवढ्या लांब आले होते ते त्यासाठी. मी पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवत असे. वर्गात तरफ आणि प्रतिभार शिकवताना पुस्तकातल्या आकृत्या फळ्यावर काढायचे. त्याच दोन गोष्टींवर उभी असलेली, तीसेक टन वजनाची तोफ खाली-वर करणारी गाडी खरोखर कुठे तरी शाबूत आहे, हे कळल्यापासून ती पाहायची होतीच.

त्या माणसाचं नाव अलेक्झांडर मॉनक्रीफ. एडिंबरोच्या मिलिशिया तोफखान्यातला हा अधिकारी १८५५ मध्ये क्रिमियात सेबास्तोपोलचा वेढा पाहायला गेला होता. तिथे रशियन आणि दोस्तांच्या तोफा एकमेकींच्या झरोक्यांवर गोळे टाकत होत्या. तोफ झरोक्यातून डोकावली की तिच्यामागची माणसं मारली जात, आणि डोकावल्याशिवाय ती डागता येत नव्हती. मॉनक्रीफच्या मनाने घेतलं, की तोफ फक्त डागण्यापुरती वर यावी आणि एरवी बांधाच्या आड राहावी. डागल्यावर तोफ मागे उसळते तो धक्का आजवर सगळे दोरखंड आणि उतार लावून कसाबसा जिरवत होते. तो जिरवायचा कशाला? त्यानेच तोफ खाली न्यायची आणि त्याच वेळी एक जड वजन वर उचलून ठेवायचं. मग तोफ भरून झाली की ते वजन सोडून द्यायचं. ते खाली जाईल, तोफ वर येईल. शत्रूला मारलेल्या गोळ्याचीच ताकद पुढच्या गोळ्यासाठी साठवून ठेवायची. मला यात विलक्षण सौंदर्य दिसतं. त्याने १८६० च्या दशकात हे यंत्र प्रत्यक्ष करून दाखवलं. कोकणात विहिरीवर पूर्वी लाट असायची, एका टोकाला दगड बांधलेला लांब वासा आणि दुसऱ्या टोकाला पोहरा. मॉनक्रीफच्या गाडीचा जीव तेवढाच होता.

पुढे आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने वजनाऐवजी पाणी आणि दाबलेली हवा वापरून आटोपशीर गाड्या काढल्या. १८८५ मध्ये अफगाण सीमेवर पंजदेहला रशिया आणि ब्रिटन समोरासमोर आले, तेव्हा रशियन क्रूझर कधीही बंदरात शिरतील या धास्तीने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंतच्या वसाहतींनी या तोफा मागवल्या. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनजवळ टायरोआ हेडला त्यातली एक अजून आपल्या खड्ड्यात उभी आहे. त्याच वर्षी इंग्लंडच्या किनाऱ्यावर, पोर्टलंडजवळ, 'हर्क्युलीस' या युद्धनौकेला एका नकली लपणाऱ्या तोफेवर मारा करायला लावलं होतं. नौकेने गोळे ओतले, पण तोफेला काही झालं नाही. पाण्यावर डोलणाऱ्या जहाजातून, क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या एका ठिपक्यावर सपाट मार्गाने जाणारा गोळा बसवणं जवळपास अशक्य होतं.

अमेरिकेने ही कल्पना जितकी मनावर घेतली तितकी कुणीच घेतली नाही. युद्धमंत्री विल्यम एंडिकॉट यांच्या अध्यक्षतेखाली १८८५ मध्ये एक मंडळ नेमलं गेलं. १८८६ च्या अहवालात त्याने देशाच्या किनाऱ्यावरची संरक्षणं निकामी झाली आहेत असं स्पष्ट लिहिलं आणि सुमारे १२ कोटी ६० लाख डॉलरचा आराखडा मांडला. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. सगळे पैसे काही मिळाले नाहीत, पण पुढच्या वीस वर्षांत दोन्ही महासागरांच्या काठांवर काँक्रीटचे नवे तोफमोर्चे उभे राहिले. ॲडमिरल्टी इनलेट हे त्यातलं एक मोक्याचं ठिकाण. या खाडीमुखाच्या आत प्यूजेट साउंड पसरलेला आहे. सिॲटल, टॅकोमा, एव्हरेट ही बंदरं आणि १८९१ मध्ये स्थापन झालेली ब्रेमर्टनची नाविक गोदी, सगळं याच दारातून आत. दार जेमतेम पाच-सहा किलोमीटर रुंद. त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन किल्ले: पोर्ट टाऊनसेंडला फोर्ट वर्डेन, मॅरोस्टोन बेटावर फोर्ट फ्लॅगलर आणि व्हिडबीवर हा फोर्ट केसी. तिघांच्या तोफांचे पल्ले मध्यभागी एकमेकांना छेदत. लोक त्याला अग्नित्रिकोण म्हणत. आम्ही सकाळी वर्डेनमधून फिरून आलो होतो. तिथल्या बराकी आणि कवायतीचं मैदान 'ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन' या १९८२ च्या चित्रपटात दिसतं. मोर्चे मात्र तिथे रिकामे आहेत. तोफ पाहायची तर केसीलाच यायला हवं.

बोट धक्क्याला लागली की फोर्ट केसी अगदी हाकेच्या अंतरावर आहे. वर चढून गेलो आणि मोकळं, गवताचं मोठं पठार समोर आलं. समुद्रावरचा वारा इथे सतत वाहतो, म्हणून मुलं पतंग उडवायला येतात. पाच-सहा रंगीत पतंग वर होते. पलीकडे खाडी, तिच्यापल्याड ऑलिंपिक पर्वताची बर्फाळ रांग. या पर्वतामुळे पाऊस अडतो आणि व्हिडबीचा हा मधला भाग, सिॲटलच्या मानाने, चांगलाच कोरडा राहतो. थोडं उत्तरेला तर जमिनीलगत निवडुंग वाढतो. सई तीन वर्षं सिॲटलच्या पावसात भिजून वैतागली होती, ती इथे ऊन बघून गवतावरच बसली.

किल्ला दिसतो तो पाठीकडून. समुद्राच्या बाजूने तुम्हाला फक्त मातीचा उतार आणि गवत. जमिनीच्या बाजूने मात्र काँक्रीटचा एक लांबलचक दुमजली सोपा उघडतो, जिने, लोखंडी कठडे, अंधाऱ्या दारांच्या ओळी. पुढची बाजू मातीत पुरलेली आणि मागची पूर्ण उघडी. खालच्या मजल्यावर दारूकोठारं आणि गोळ्यांच्या खोल्या, वरच्या मजल्यावर तोफांचे अर्धगोल खड्डे. १८९७ मध्ये काम सुरू झालं तेव्हा लष्करी अभियंत्यांसाठीही काँक्रीट हे तसं नवं द्रव्य होतं. भिंतींना हात लावला तर लाकडी साच्याच्या फळ्यांचे ठसे अजून बोटांना लागतात. सुतारांनी फळ्या किती नेटक्या जोडल्या होत्या ते त्या रेषांवरून कळतं, आणि मला तिथे बराच वेळ रेंगाळावंसं वाटलं. किल्ला थॉमस लिंकन केसी यांच्या नावाचा. वॉशिंग्टन स्मारकाचा अर्धवट राहिलेला स्तंभ पुरा करणारे अभियंते ते हेच.

बॅटरी वर्थ या तोफमोर्च्याच्या खड्ड्यात दोन तोफा आहेत, १० इंची. आम्ही गेलो त्या दिवशी एक स्वयंसेवक माहिती सांगत होते, पांढऱ्या दाढीचे, निवृत्त. मी तोफेच्या गाडीखाली वाकून बघतेय असं पाहिल्यावर ते जवळ आले. "लोक नळीचे फोटो काढतात," ते म्हणाले, "तुम्ही थेट खाली बघताय." मग त्यांनी सगळं यंत्र दाखवलं आणि मी तेवढ्याच उत्साहाने सईला मराठीतून सांगत गेले.

या गाडीला बफिंग्टन-क्रोझियर गाडी म्हणतात. ॲडेलबर्ट बफिंग्टन आणि विल्यम क्रोझियर हे अमेरिकी शस्त्रास्त्र खात्यातले दोन अधिकारी. क्रोझियर पुढे त्या खात्याचे प्रमुख झाले. तोफेच्या दोन बाजूंना एकेक भक्कम पोलादी बाहू आहे. बाहूच्या वरच्या टोकावर तोफेचे दोन्हीकडचे खुंट टेकलेले. मधोमध आस, आणि हा आस एका सरकत्या चौकटीवर बसवलेला. खालच्या टोकाला आडवी दांडी, आणि त्या दांडीला, खाली विहिरीसारख्या खोल खड्ड्यात, शिशाच्या लाद्यांचं भलंमोठं वजन लटकवलेलं. आता तोफ वर आहे असं समजा. दारू पेटते, गोळा सुटतो, तोफ मागे उसळते. मधला आस चौकटीसह मागे सरकतो, पण खालचं टोक खोबणीत अडकलेलं असल्यामुळे त्याला फक्त सरळ वर जाता येतं. म्हणून शिशाचं वजन वर चढतं, वरचं टोक वाकून मागे-खाली येतं आणि तोफ बांधाच्या आड येऊन बसते. उरलेला धक्का तेलाने भरलेले दोन सिलिंडर शोषून घेतात. वजन वर पोचलं की रॅचेटचे खटके दात्यांत पडतात आणि सगळं जागच्या जागी थांबतं.

आता तोफेचं तोंड बांधाच्या खाली आहे आणि बूड भरणाऱ्यांच्या छातीच्या उंचीवर. खालच्या कोठारातून यारीने गोळा वर येतो, चाकांच्या गाडीवरून तोफेमागे आणला जातो. १० इंची गोळ्याचं वजन ६१७ पौंड, म्हणजे सुमारे २८० किलो. मोठ्या दांड्याने तो आत ठासायचा, मागून दारूच्या रेशमी पिशव्या, मग बुडाचं आट्याचं दार फिरवून बंद. खटका सोडला की शिसं खाली जातं आणि तोफ बांधाच्या वर डोकं काढते. ती डागायची आणि पुन्हा खाली. सरावलेलं पथक हे चक्र मिनिटाच्या आसपास पुरं करत असे.

स्वयंसेवक आजोबांनी दात्यांवरून हात फिरवला. "ह्यात मोटार नाही," ते म्हणाले. "वर आणण्यासाठी नाही, खाली नेण्यासाठीही नाही." सरावासाठी, न डागता तोफ खाली आणायची असेल तर हाताने फिरवायच्या चाकावर तारदोर गुंडाळून ती ओढावी लागे, त्याला माणसं आणि वेळ दोन्ही लागत. युद्धात मात्र गुरुत्वाकर्षण आणि दारू एवढी दोनच इंधनं. मी इतकी वर्षं ऊर्जेची अक्षय्यता फळ्यावर लिहिली, पण एवढ्या मोठ्या आकारात ती कधी हाताने चाचपली नव्हती.

पण मग बांधाआड बसलेल्या माणसांना शत्रू दिसणार कसा? तोफ झाकली म्हणजे डोळेही झाकले. याचं उत्तर मला तोफेइतकंच मोलाचं वाटलं. कड्यावर एकमेकींपासून दूर, अंतर अचूक मोजलेल्या दोन चौक्या असत. दोन्हीकडून एकाच जहाजाचा दिशाकोन एकाच क्षणी घ्यायचा. तो क्षण ठरवायला ठरावीक सेकंदांनी वाजणारी विजेची घंटा. कोन टेलिफोनवरून आलेखनाच्या खोलीत, तिथे मोठ्या मेजावर दोन पट्ट्या फिरवून त्रिकोण जुळवायचा आणि जहाज नेमकं कुठे आहे ते टिंब टाकायचं. अशी तीन-चार टिंबं पडली की जहाजाची वाट आणि वेग कळतो; मग गोळा तिथे पोचेल तेव्हा ते कुठे असेल ते काढायचं, वारा, भरती-ओहोटी, दारूचं तापमान यांच्या दुरुस्त्या करायच्या, आणि आकडे तोफेशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचे. तोफ त्या आकड्यांवर वळवायची. उंच कड्यावरून एकाच दुर्बिणीने अंतर काढणारं एक उपकरणही होतं. ते आयझॅक न्यूटन लुइस या अधिकाऱ्याचं, ज्याचं नाव पुढे लुइस मशीनगनमुळे जगाला माहीत झालं. कॅल्क्युलेटर हातात येण्याच्या कितीतरी आधी, पंचविशीतली पोरं, खेड्यापाड्यातून भरती झालेली, अंधाऱ्या खोलीत दर अर्ध्या मिनिटाला भूमिती सोडवत होती. १९०७ मध्ये किनारी तोफखान्याची वेगळी शाखाच झाली, कारण या कामाला मैदानी तोफखान्याहून निराळं डोकं लागत होतं.

तोफांपासून आत, झाडीच्या बाजूला, सेमूर आणि शेंक या दोन बॅटऱ्या आहेत. या उखळी तोफांच्या. खोल चौकोनी खड्डे, प्रत्येकात चार-चार, एकूण सोळा १२ इंची उखळी तोफा. आता खड्डे रिकामे आहेत. तळाच्या गोल वेढ्यांवरून जागा कळते. उखळी तोफ सरळ मारत नाही, गोळा उंच आभाळात टाकते आणि तो वरून कोसळतो. चिलखती जहाजाच्या बाजू फूटभर पोलादाने मढवलेल्या, पण डेक पातळ. म्हणून सोळाच्या सोळा तोफा एकदम उडवायच्या आणि जहाजाच्या डोक्यावर गोळ्यांची सर पाडायची.

मी त्या खड्ड्यात उभी राहून वर पाहिलं. चार भिंती आणि वर सगळं उघडं आभाळ. बॅटरी वर्थच्या तोफांच्या डोक्यावरही असंच होतं. हा किल्ला बांधणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की शत्रूचं मर्म त्याच्या माथ्यावर असतं. त्यासाठीच त्यांनी सोळा तोफा खोदून बसवल्या. आणि स्वतःचा माथा मात्र त्यांनी उघडा ठेवला. त्यांना मूर्ख म्हणण्याची माझी तयारी नाही. १८९७ मध्ये जहाजावरच्या तोफेला नळी फार उंच करता येत नव्हती, तिचे गोळे सपाटच येत, आणि राइट बंधूंचं पहिलं उड्डाण व्हायला अजून सहा वर्षं होती. त्यांनी आपल्या काळाच्या प्रश्नाला अगदी चोख उत्तर दिलं होतं. मला हळहळ वाटते ती पुढच्या वर्षांची. नव्या युद्धनौका लांबून, उंच कमानीत गोळे टाकू लागल्या, लपणाऱ्या गाडीवरची तोफ मात्र तिच्या रचनेमुळेच तितकी उंच होऊ शकत नव्हती, त्यामुळे तिचा पल्ला तोकडा पडत गेला. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या गाड्यांचा नाद सोडला. जहाजावरून एकटीदुकटी तोफ टिपणं इतकं अवघड आहे की लपण्याचा खटाटोपच नको, असं त्यांचं मत झालं. अमेरिका मात्र गाड्या मोठ्या करत राहिली. १४ इंची केल्या, पनामा कालव्याच्या तोंडाशी तर एक १६ इंची बसवली. आपण घडवलेलं यंत्र इतकं निर्दोष चालत असेल तर ते जुनं झालं हे मान्य करणं अवघड जात असावं.

केसीवरून शत्रूवर एकही गोळा सुटला नाही. पहिल्या महायुद्धात बऱ्याच तोफा युरोपच्या आघाडीसाठी म्हणून उतरवल्या गेल्या, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात गेल्या. किल्ला सैनिकांच्या प्रशिक्षणापुरता राहिला आणि १९५० च्या दशकात राज्य उद्यान झाला.

मग या दोन तोफा कुठल्या? त्या या किल्ल्याच्या नाहीतच. त्या फिलिपिन्समधून आल्या आहेत. सुबिक उपसागराच्या तोंडाशी ग्रांदे नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या फोर्ट विंटमध्ये याच जातीच्या दोन १० इंची तोफा होत्या. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा लुझोनवर उतरल्या तेव्हा अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्य बातानच्या द्वीपकल्पात मागे हटलं आणि नाताळच्या सुमारास फोर्ट विंट रिकामा केला गेला. तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या. शत्रू जमिनीवरून आला. पुढची पंचवीसेक वर्षं त्या तिथेच उष्ण दमट हवेत राहिल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या आणि दोन लहान ३ इंची तोफा इथे आणल्या गेल्या, कारण खुद्द अमेरिकेत अशी मोठी तोफ गाडीसकट जवळपास उरलीच नव्हती.

त्यांच्या बहिणींचं काय झालं ते मनिलाच्या उपसागरातल्या कोरेहिदोर बेटाने पाहिलं. तिथे क्रॉकेट, चेनी अशा मोर्च्यांत १२ इंची लपणाऱ्या तोफा होत्या, फोर्ट केसीच्याच घडणीच्या. ९ एप्रिल १९४२ ला बातान पडलं आणि जपान्यांनी तिथल्या डोंगरांआडून जड हॉवित्झर तोफांचा मारा सुरू केला. वरून विमानं, कडेने कोसळते गोळे. बांध समुद्राच्या बाजूला होता, गोळे मागच्या उघड्या बाजूने आणि आभाळातून येत होते. लपायला जागाच नव्हती. २ मे रोजी गिअरी या उखळी मोर्च्याच्या दारूकोठारात एक गोळा शिरला आणि सगळा मोर्चा उडाला. टनावारी वजनाच्या नळ्या दूर फेकल्या गेल्या. ६ मे रोजी कोरेहिदोर शरण गेलं. मी इथे, पतंगांच्या सावलीत, ज्या यंत्राचं इतकं कौतुक करत होते, तसल्याच यंत्रांशेजारी तिथे माणसं शेवटच्या दिवसापर्यंत उभी होती. त्यात अमेरिकेच्या जोडीला फिलिपिनो तोफखान्याची पथकं होती, आणि किल्ल्यांच्या माहितीपत्रकांत त्यांना मिळते त्याहून जास्त जागा त्यांची आहे.

आम्ही दीपगृहाकडे चालत गेलो. त्याचीही हकीकत तोफांशी बांधलेली. १८६१ चं जुनं लाकडी दीपगृह नेमकं मोर्च्याच्या जागेवर होतं, म्हणून ते हटवावं लागलं आणि हे विटांचं नवं, कार्ल लाइक यांनी आखलेलं, १९०३ मध्ये उभं राहिलं. पण शिडाची जहाजं कमी झाली, आगबोटी पलीकडच्या काठाने जाऊ लागल्या, आणि १९२२ मध्ये दिवा मालवला गेला. जेमतेम दोन दशकांचं आयुष्य.

परतीच्या वाटेवर सईने गाडी उत्तरेला वळवली, कारण स्वयंसेवक आजोबांनी निघताना बजावलं होतं की केसी पाहून फोर्ट ईबी पाहिल्याशिवाय जाऊ नका. दोन्हींमध्ये गाडीने फार अंतर नाही. फोर्ट ईबी १९४२ मध्ये बांधला, म्हणजे कोरेहिदोर पडलं त्याच वर्षी. इथे खड्डे नाहीत, प्रतिभार नाही. दोन ६ इंची तोफांच्या जागा एकमेकींपासून दूर; प्रत्येक तोफ जाड पोलादी कवचात बसवलेली होती. केसीच्या १० इंची तोफांहून नळी बारीक, पण ती बरीच उंच करता येत असल्याने पल्ला सुमारे २५ किलोमीटर. दोन तोफांच्या मधोमध एक टेकडी आहे, झाडाझुडपांनी भरलेली. तिला दोन्ही बाजूंना दारं आहेत. आत शिरलं की कळतं, टेकडी म्हणजे काँक्रीटचं जाड छप्पर आणि त्यावर ओढलेली माती. सईने मोबाईलचा दिवा लावला. लांब बोगद्याच्या कडेला गोळ्यांच्या खोल्या, दारूच्या खोल्या, जनित्राची खोली, आलेखनाची खोली. "इथे तर खिडकीच नाही," सई म्हणाली. खिडकी नव्हती, झरोका नव्हता, वर आभाळही नव्हतं. केसीत जे जे उघडं होतं ते सगळं इथे छपराखाली आलं होतं, आणि इथल्याही तोफा शत्रूवर कधी न डागता युद्ध संपल्यावर काढून नेल्या गेल्या.